जुन्या गेमिंग पीसीचा प्रोसेसर बदलावा का? सिल्व्हर मॉल गाठण्याआधी घरी करायचं काम

इंदूरमध्ये कॉम्प्युटरचं सामान घ्यायचं म्हटलं की पावलं आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. तिथे "भिया, गेम अटक रहा है, प्रोसेसर बदल दूँ क्या?" असं विचारलंत तर उत्तर नक्की मिळेल. फक्त ते उत्तर त्या दिवशी त्या दुकानात कोणता माल पडून आहे यावरही थोडंफार ठरतं. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याने तुमचा पीसी चालताना पाहिलेला नसतो. दुसरा सल्लागार म्हणजे गणपतीला पुण्याहून आलेला चुलतभाऊ. त्याने स्वतः नुकतंच जे घेतलं असेल, तेच तुम्हीही घ्यावं असं त्याचं ठाम मत असतं.

माझं म्हणणं इतकंच की हा निर्णय घरच्या टेबलावर होतो. एक मोकळी दुपार, दोन-तीन फुकटची सॉफ्टवेअरं आणि एक कागद एवढं पुरतं. साधारण २०१६ ते २०२१ च्या दरम्यान असेंबल करून घेतलेला पीसी ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांनी कॅबिनेटचं झाकण कधी उघडलेलं नाही, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून पुढचं लिहितो आहे. लॅपटॉपवाल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. आजच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांत प्रोसेसर मदरबोर्डालाच (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीला) डकवलेला असतो, तो बदलताच येत नाही.

पायरी १ : तक्रार नेमकी काय आहे ते लिहा

"गेम नीट चालत नाही" हे पुरेसं नाही. कोणता गेम, कोणत्या जागी, काय होतं, हे कागदावर उतरवा.

गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची कामं वेगळी असतात. कोण कुठे उभं आहे, गोळी लागली की नाही, गर्दीतला माणूस कुठे वळणार, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काढायचं याची यादी कार्डाला देतो. चित्र काढतं कार्ड. दर फ्रेमला हे सगळं नव्याने होतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. एकच प्रोसेसर ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या) मॉनिटरवर निवांत चालतो आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला की धापा टाकतो, त्याचं कारण हे. ज्यांनी अलीकडे फक्त मॉनिटर बदलला आणि तेव्हापासून पीसी "जुना" वाटू लागला, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

प्रोसेसर कमी पडतो तेव्हा त्रास बहुधा जागेवर अवलंबून असतो. एकटं असताना गेम छान पळतो, भर बाजारात किंवा दहा खेळाडू एकत्र आले की आपटतो. ग्राफिक्स अल्ट्रावरून लोवर आणले तरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) जवळपास तेवढेच राहतात. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये, शहर वसवण्याच्या गेममध्ये शहर मोठं झाल्यावर आणि सायबरपंक २०७७ मधल्या गर्दीच्या चौकांत हे लवकर कळतं.

भिंती-झाडांचे पोत उशिरा उमटणं, गेम उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागणं, ही लक्षणं सहसा हार्ड डिस्कची किंवा कार्डाच्या अपुऱ्या मेमरीची असतात. अजूनही गेम हार्ड डिस्कवर ठेवत असाल तर आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) घ्या. प्रोसेसरचा विचार त्यानंतर.

पायरी २ : मोजा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण पुढचे पैसे हिच्यावरच वाचतात किंवा वाया जातात.

एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतो, तो खेळता खेळता आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दाखवतो. दाखवायला निवडा : जीपीयूचा (म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा) वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगेचा) वेगवेगळा वापर, दोघांची तापमानं, प्रोसेसरचा क्लॉक (वेग), रॅम, कार्डाची मेमरी, एफपीएस आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख.

मग गेममध्ये व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद करा आणि एफपीएसवरची मर्यादा काढा. हे विसरलात तर सगळी मोजणी फुकट. ६० वर बांधून ठेवलेल्या गेममध्ये कार्ड अर्धवट रिकामं दिसणारच, आणि त्यावरून "प्रोसेसर कमजोर आहे" असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात.

आता जिथे त्रास होतो त्याच जागी जा आणि पाच-दहा मिनिटं खेळा. एकच फेरी दोनदा करा, म्हणजे आकडे योगायोगाचे नाहीत याची खात्री होते.

जीपीयूचा वापर ९५ ते ९९ टक्के टिकून असेल, तर अडवणारं कार्ड आहे. प्रोसेसर कितीही भारी आणलात तरी एफपीएस वाढणार नाहीत. इथे बऱ्याच जणांचा प्रश्न सुटतो. पायरी ३ मधली रॅम आणि धूळ तेवढी पाहून घ्या, आणि प्रोसेसरचे पैसे कार्डासाठी बाजूला ठेवा.

जीपीयू ५०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि एफपीएसही हवे तेवढे नाहीत, तर दुसरं काहीतरी त्याला थांबवून ठेवतंय. ते बहुतेक वेळा प्रोसेसर असतं, कधी रॅम.

"पण टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू तर ४५ टक्केच दिसतो!" असं इथे हमखास कोणीतरी म्हणतं. सीपीयू म्हणजे प्रोसेसरच, आणि तो आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी असतो. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचा वाटा साधारण ८ टक्केच दिसतो. गेमचं मुख्य काम बरेचदा एका-दोन थ्रेडवरच अडलेलं असतं. ते भरले की बाकीचे दहा मोकळे असून उपयोग नाही. म्हणून प्रत्येक थ्रेड वेगळा बघायचा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडलं तरी तो दिसतो. उलट चार कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), चार थ्रेडच्या इंटेल आय५-६५०० सारख्या प्रोसेसरवर नव्या गेममध्ये चारही थ्रेड शंभरला टेकलेले दिसतील. तिथे शंकेला जागा नाही.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी. त्याच जागी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. याने कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. समजा आधी ७२ एफपीएस होते आणि आता ७४ झाले, तर प्रोसेसरची बाजू अडली आहे. ७२ चे ११० झाले तर कार्ड अडलं होतं. कोणाचा सल्ला नको, वाद नको.

फ्रेमटाइमचा आलेखही बघा. सरासरी ९० एफपीएस असूनही रेषेत सारखे उंच काटे उठत असतील तर हाताला झटके जाणवतात. चार थ्रेडच्या जुन्या प्रोसेसरांवर हा त्रास सरासरी एफपीएस कमी होण्याच्याही आधी सुरू होतो.

पायरी ३ : प्रोसेसरवर खोटा आळ तर येत नाही ना?

समजा मोजणीत प्रोसेसरच दोषी ठरला. तरी पाकीट लगेच उघडू नका. त्याला नीट काम करू न देणारी काही कारणं असतात आणि ती फुकटात किंवा फार थोड्या पैशांत जातात.

पहिलं कारण रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा. किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती आहे ते खाली लिहिलेलं असतं. दोन स्लॉटपैकी एकच भरलेला असेल तर रॅम सिंगल चॅनेलवर चालते आहे, म्हणजे तिची एकच वाट उघडी आहे. असेंबल करताना "अभी एक ८ जीबी लगा दो, बाद में दूसरी डाल लेंगे" असं ठरतं आणि ते 'बाद में' कधी येत नाही. जोडीने रॅम लावली की प्रोसेसर अडलेल्या गेममध्ये फरक स्पष्ट दिसतो, एएमडीच्या रायझन प्रोसेसरांवर तर जास्तच, कारण त्याच्या आतल्या भागांना जोडणारी वाट रॅमच्या वेगाशी बांधलेली असते. रॅमचीच आणखी एक गोष्ट : पट्टीवर ३२०० छापलंय आणि पडद्यावर २१३३ किंवा २४०० दिसतंय, तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग) सुरू करायचं राहून गेलंय. मात्र इंटेलच्या एच११०, एच३१० सारख्या स्वस्त बोर्डांवर रॅमचा वेग मुळातच २१३३ ते २६६६ च्या पुढे जात नाही, तिथे एक्सएमपी शोधत बसू नका.

दुसरं कारण उष्णता. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. खोलीत कूलर नसेल तर कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच तापलेली असते. त्यात पाच-सहा वर्षांची धूळ हीटसिंकच्या (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांत बसलेली, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ गेला की जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो. आफ्टरबर्नरमध्ये तापमान चढताना क्लॉक उतरताना दिसला तर समजा हेच चाललंय. ही चाचणी भर दुपारी करा. माळव्यातल्या रात्री थंड होतात, रात्री दहाला मोजलेलं तापमान फसवं निघतं. इंटेलसोबत येणाऱ्या कूलरचे चार प्लास्टिकचे खिळे कालांतराने सैल होतात, तेही दाबून बघा. सफाई आणि नवी पेस्ट यांनी एखादा उन्हाळा सहज निघतो.

तिसरं, मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. कॅबिनेटच्या मागे बोर्डाच्या एचडीएमआयला लावली असेल तर कार्ड बाजूला बसून राहतं आणि चित्र बोर्डाकडूनच येतं. हसू नका, हे दिसतं.

मागे चालणारे ब्राउझर, दोन-दोन अँटिव्हायरस, पॉवर सेव्हर वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. ते बंद करा आणि पायरी २ पुन्हा करा.

पायरी ४ : बोर्ड काय म्हणतो?

इथून पुढे खरा निर्णय मदरबोर्डाच्या हातात आहे. सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडा आणि मेनबोर्ड या पानावरून बोर्डाचं मॉडेल, चिपसेट (बी४५०, एच११० असं बोर्डाच्या प्रकाराचं नाव) आणि बायॉसची तारीख टिपून घ्या. मग बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, ती काढा. कोणत्या प्रोसेसरला किमान कोणता बायॉस लागतो हेही त्यात असतं. दुकानदार, चुलतभाऊ आणि मी, तिघांपेक्षा ही यादी मोठी.

तुमचा पीसी एएमडी रायझनचा असेल आणि सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) एएम४ असेल, तर तुमचं नशीब चांगलं आहे. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत हाच सॉकेट टिकला. बी४५० बोर्डांवर ५००० मालिका चालतेच; ए३२०, बी३५०, एक्स३७० या सगळ्यात जुन्या बोर्डांनाही एएमडीने २०२२ मध्ये ती परवानगी दिली, फक्त तुमच्या मॉडेलसाठी बायॉस आला आहे का ते पाहावं लागतं. म्हणजे रायझन ५ १६०० किंवा रायझन ३ २२००जी काढून त्याच जागी रायझन ५ ५६०० बसवता येतो. रॅम तीच, बोर्ड तोच, आणि गेममधला फरक मोठा. माझ्या मते या घडीला जुन्या पीसीसाठी प्रोसेसर बदलण्याचं यापेक्षा सरळ उदाहरण नाही.

५६०० आणि ५५०० यांत मात्र गल्लत करू नका. दोन्हींत सहा कोर, बारा थ्रेड. पण ५६०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ५५०० मध्ये १६. गेममध्ये ही कॅशे कामाला येते. ५६००जी मध्येही १६ च, तो ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांच्यासाठी. याच कॅशेच्या जोरावर २०२२ मधल्या ५८००एक्स३डी ने आणि २०२४ मधल्या ५७००एक्स३डी ने नाव कमावलं. त्यांत ती ९६ एमबी आहे. नवे सीलबंद आता सहज सापडत नाहीत आणि सेकंडहँड भाव बघून डोळे पांढरे होतात. १४४ हर्ट्झवर स्पर्धात्मक खेळणारा किंवा भारी कार्डवाला सोडला तर ५६०० वर समाधान मानायला काही हरकत नाही. शिवाय एक्स३डी सोबत कूलर येत नाही, ५६०० च्या डब्यात येतो. आणि हीटसिंक नसलेल्या स्वस्त ए३२० बोर्डावर आठ कोरचा प्रोसेसर बसवून तासन्‌तास खेळू नये, बोर्डाचे वीज पुरवणारे भाग तापतात.

इंटेलचं गणित वेगळं. तिथे सॉकेट लवकर लवकर बदलत गेले.

पिढी प्रोसेसरच्या नावातल्या आकड्यावरून कळते : आय५-६५०० सहावी, आय५-१०४०० दहावी. चौथ्या पिढीपर्यंतच्या पीसीत डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम असते. तिथे पैसे घालू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांत तर एव्हीएक्स२ नावाचे आदेशच नाहीत, ज्यांच्याशिवाय काही नवे गेम सुरूच होत नाहीत.

सहावी-सातवी पिढी, म्हणजे आय५-६५००, आय५-७४०० वगैरे, सॉकेट एलजीए ११५१. या बोर्डांची मजल आय७-७७००के पर्यंत, म्हणजे चार कोर, आठ थ्रेड. सेकंडहँड बाजारात हे आय७ अजूनही अंगाबाहेरच्या किमतीला विकले जातात, कारण सगळ्या जुन्या आय५ वाल्यांना तेच हवे असतात. घेऊ नका. आणि सापळा असा : आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेटही एलजीए ११५१ च म्हणवतो, पण त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. "सॉकेट सेम है" म्हणून आय५-९४००एफ आणून एच११० वर बसवला तर पीसी सुरू होणार नाही.

आठवी-नववी पिढी असेल तर आय५-८४०० वरून सेकंडहँड आय७-९७०० वर जाता येतं. खूप स्वस्त मिळाला तरच जा. दहाव्या पिढीच्या एच४१० आणि बी४६० बोर्डांवर अकरावी पिढी चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तिथे आय३-१०१००एफ वरून आय५-१०४००एफ किंवा आय७-१०७०० एवढाच रस्ता.

एलजीए १७०० वाल्यांना मात्र बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीची मोकळीक आहे. आय३-१२१००एफ घेऊन सुरुवात केलेल्यांना आय५ पर्यंत जाणं सोपं, बायॉस तेवढा अद्ययावत हवा. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या आय७, आय९ मध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरपणाची तक्रार २०२४ मध्ये गाजली होती. इंटेलने बायॉसमधून दुरुस्ती दिली, डबाबंद प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षं वाढवली. त्यामुळे हे सेकंडहँड घेताना दोनदा विचार करा, कारण आधीच्या मालकाने बायॉस कधी बदलला हे कळायला मार्ग नसतो.

पायरी ५ : विंडोज

विंडोज १० चा आधार (सपोर्ट) मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचं लागतं, सोबत टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी सोय). यादीत नसलेल्या प्रोसेसरवर ते चढवायच्या युक्त्या आहेत, पण व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतात, तिथे अडकायला होतं. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीवर एक रुपयाही खर्च करू नका असं मी म्हणतो. पहिल्या रायझनवाल्यांना नवा प्रोसेसर बसवल्यावर हा प्रश्न राहत नाही.

पायरी ६ : कागदावर तीन रकाने

आता आकडेमोड. पहिल्या रकान्यात फक्त प्रोसेसर, लागला तर कूलर. दुसऱ्यात नवा प्रोसेसर, नवा बोर्ड आणि लागली तर रॅम. तिसऱ्यात प्रोसेसरला हात न लावता त्याच पैशांत काय येतं ते : जोडीची रॅम, एसएसडी, कार्डासाठीची शिल्लक. सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन ठिकाणी विचारा, ऑनलाइन भाव पाहा, सगळे भाव जीएसटीसकट लिहा. तोंडी सांगितलेला भाव बरेचदा १८ टक्के सोडून असतो.

माझा ठोकताळा असा : पहिला रकाना दुसऱ्याच्या एक-तृतीयांशाच्या आत असेल आणि त्यावर तुमची दोन-तीन वर्षं निघणार असतील, तर खुशाल बदला. निम्म्याच्या वर गेला तर थांबा आणि दुसऱ्या रकान्यासाठी पैसे साठवा. एएम४ वाले बहुतेक पहिल्यात बसतात, सहाव्या-सातव्या पिढीचे इंटेलवाले जवळजवळ कधीच नाहीत.

दुसऱ्या रकान्यात सगळ्यात जपून बघायची गोष्ट म्हणजे रॅम. एएमडीचा नवा एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतो, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले की बोर्ड-प्रोसेसरचा हिशेब जमवून आलेला माणूस रॅमपाशी अडतो. अशा वेळी आय५-६५०० वाल्यांसाठी एक वाट उरते : डीडीआर४ घेणारा एच६१० किंवा बी६६० बोर्ड आणि त्यावर आय५-१२४००एफ. जुनी डीडीआर४ रॅम, कार्ड, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, सगळं चालून जातं. बोर्ड घेताना डब्यावर डीडीआर४ लिहिलंय का ते स्वतः वाचा, कारण याच चिपसेटचे डीडीआर५ बोर्डही मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. जुना कूलर मात्र एलजीए १७०० वर बसणार नाही, त्याची भोकं वेगळ्या अंतरावर आहेत. डबाबंद १२४००एफ सोबत नवा मिळतो. त्यानंतर हा रस्ता फार लांब जात नाही हे मान्य, पण ज्याला आज कमी पैशांत चांगलं खेळायचंय त्याला तो पुरतो.

कार्डाकडेही एकदा बघा. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० असेल तर महागडा प्रोसेसर त्याला काय देणार? जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५८० असेल तर ५६०० ने झटके जातील, अल्ट्रा सेटिंग येणार नाही. आणि पुढेमागे कार्ड बदलणारच असाल तर एसएमपीएसवर लिहिलेले वॉट आणि त्याचं वय आजच टिपून ठेवा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर नवं कार्ड चढवू नये.

पायरी ७ : खरेदी

पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. इंटेल आणि एएमडीच्या डबाबंद प्रोसेसरला साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी असते. डब्याशिवाय मिळणारा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त पडतो. त्याची वॉरंटी कंपनी देणार की दुकान, हे बिलावर लिहून मागा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन पैसे कमी लागतात हे खरं, पण बिघाड झाल्यावर तिथवर कोण जाणार, हेही त्या दोन पैशांत धरा. देवास, उज्जैन, महूहून येणाऱ्यांनी बोर्डाच्या मॉडेलचा आणि बायॉस आवृत्तीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊनच निघावं. एवढ्यासाठी दुसरी खेप नको.

सेकंडहँड घ्यायचा तर विकणाऱ्याच्या घरी चालू पीसीत बघून घ्या. एएम४ प्रोसेसरला खाली पिना असतात. मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरपं धरून सगळ्या रांगा सरळ आहेत का ते पाहा. इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, म्हणून तिथे प्रोसेसरपेक्षा सेकंडहँड बोर्ड घेताना जास्त भीती.

पायरी ८ : बसवण्याचा दिवस

बायॉस आधी, प्रोसेसर नंतर. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच नवा बायॉस टाकायचा, कारण जुन्या बायॉसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि पडदा काळाच राहतो. हे काम यूपीएसवरच करा. पावसाळ्यात तर नक्कीच. बायॉस लिहिताना वीज गेली तर बोर्ड उठत नाही. काही बोर्डांच्या बायॉस चिपमध्ये जागा कमी असल्याने नव्या आवृत्तीतून काही जुन्या प्रोसेसरांचा आधार काढलेला असतो, तेव्हा कंपनीच्या पानावरची सूचना वाचूनच पुढे जा.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) सुरू असेल तर आधी थांबवा किंवा ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एएमडीत टीपीएम सहसा प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसर बदलला की विंडोज ही रिकव्हरी की मागू शकतं. एएमडीवर पहिल्यांदा सुरू करताना एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) रीसेट करू का, असं विचारणारा काळा पडदा येतो. तो बिघाड समजून घाबरू नका, रिकव्हरी की हाताशी असेल तर हो म्हणा. बोर्डही बदलत असाल तर विंडोजचा परवाना आधी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या.

एएम४ वर कूलर काढताना घाई नको. वाळलेल्या पेस्टमुळे तो प्रोसेसरला चिकटतो आणि सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवा, सुटल्यावर उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरे. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवा. तो आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबायचा नाही. आणि पंख्याची वायर बोर्डाला जोडल्याशिवाय झाकण लावू नका.

सुरू झाल्यावर बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी पुन्हा लावा, नव्या बायॉसने ते पुसलेलं असतं. मग पायरी २ मधला तोच गेम, तीच जागा, तेच सेटिंग. जीपीयूचा वापर आता नव्वदीच्या वर गेला असेल तर काम झालं. अडवणारं आता कार्ड आहे आणि त्याच्या खर्चाचा विचार पुढच्या दिवाळीला करता येईल. जीपीयू अजूनही रेंगाळत असेल तर रॅमचा वेग आणि तापमान पुन्हा बघा. काढलेला प्रोसेसर नव्याच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा आणि महिनाभर सगळं नीट चाललं की विकून टाका; एएम४ चे जुने प्रोसेसर अजून घरगुती पीसीसाठी लोक घेतात.